पाच नंबरचा नकाशा

पिपरी मेघे, वर्धा
रविवार, दुपार

तीर्थरूप आत्याबाई,

पायांवर डोकं ठेवते. (गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला खाली वाकायला मनाई केली आहे, पण पत्रातून वाकायला त्यांची हरकत दिसली नाही, म्हणून इथे अगदी जमिनीला टेकले आहे असं समजा.) तुमच्या कानातली शिटी थांबली का? तुमच्या गोपालने आणलेलं मशीन तुम्ही कानात न घालता देवघरात ठेवलं आहे असं कळलं. देवाला आता नीट ऐकू येत असेल अशी आशा करते. आणि सुरभीच्या पायांची सूज कशी आहे? तिला मीठ कमी द्या, आणि लोणच्याची बरणी तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. (सुरभी, हे पत्र तूच आजीला वाचून दाखवते आहेस, मला माहीत आहे. मिठाचं वाक्य गाळू नकोस. कंसातला मजकूर मात्र तुझा तू मनात वाच.)

पत्राचं कारण पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, आणि नाही आलं तर समासात लाल शाईने मोठं प्रश्नचिन्ह काढायच्या. माझ्या चार ओळी तुमच्या कानात आणि सुरभीच्या पायांत गेल्या. तर कारण असं. बाबांचे नकाशे विद्यापीठात जायचे आहेत, कायमचे जपून ठेवायला. पण त्यांनी बांधलेल्या जाम गावच्या बाळंतपणाच्या दवाखान्याचा पाच नंबरचा नकाशा सापडत नाही, आणि तो नसला तर बाबांच्या नावाचं कपाट होत नाही. तो कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, परवापासून मलाही ठाऊक आहे, पण तुम्ही रडायला लागलात आणि फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र.

सुरुवातीपासून सांगते, कारण फोनवर मी शेवटापासून सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. बाबा गेल्यापासून त्यांचे नकाशे आमच्या माळ्यावर पत्र्याच्या लांब नळ्यांमध्ये झोपून होते. सगळ्याच नळ्यांत नकाशे होते असं नाही. एक नळी ह्यांनी मच्छरदाणीच्या काठ्यांना घेतली होती, एकीत आकाशकंदिलाच्या कामट्या होत्या, आणि एक मी स्वतः कुरड्या ठेवायला वापरली होती. (कुरड्या लांब नळीत घालणं सोपं आहे, काढणं नाही. त्या वर्षी आम्ही कुरड्यांचा चुरा तळून चमच्याने खाल्ला.) दर दिवाळीला माळा झाडताना हे विचारायचे, याचं काय करायचं, आणि दर दिवाळीला मी म्हणायची, राहू द्या. आत काय आहे ते मी कधी उघडून पाहिलं नाही. नळी हलवली की आतून कागद सरकल्याचा आवाज यायचा, तेवढा मला पुरायचा. बाबा पलीकडच्या खोलीत काम करताहेत असं वाटायचं.

पाडव्यानंतर काजल आली. विद्यापीठात आता एक नवं दालन निघालं आहे. आपल्या भागातल्या जुन्या आर्किटेक्टांचे नकाशे, टिपणं, पत्रव्यवहार, फोटो असं सगळं तिथे गोळा करून सांभाळतात. त्याला अभिलेखागार म्हणतात. (मला हा शब्द दोनदा म्हटल्यावर जमला. ह्यांनी एकदा प्रयत्न केला आणि पाणी प्यायले.) काजल तिथे कामाला आहे, मूळची हिंगणघाटची, सुरभीहून थोडी मोठी असेल. बोलणं मऊ, पण नियमांच्या बाबतीत आमच्या सिस्टरांच्या वरताण. नकाशांच्या खोलीत पेन आणायचं नाही, पेन्सिल चालेल. डांबराच्या गोळ्या नकोत, कडुलिंबाचा पाला नको. नकाशाला कुठे चिकटपट्टी लावलेली दिसली तर तिचा चेहरा कोणी वारल्यासारखा होतो. खाणं नाही, पिणं नाही, आणि कूलर नाही, कारण कूलरच्या हवेला ओल असते. आत्याबाई, वर्ध्याचा उन्हाळा आणि कूलर बंद! बरं, पाहुणीला चहाशिवाय कसं पाठवायचं, म्हणून चहा अंगणात निंबाखाली. म्हणजे भर दुपारी माणसं उन्हात उकळता चहा पिताहेत आणि नकाशे आत पंख्याखाली पसरलेत. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, घरात कोणाला देवी आल्या का?

घामाचा थेंब नकाशावर पडू नये म्हणून काजलने ह्यांना खोलीतच बंदी केली, कारण ह्यांना घाम फार. मग हे दारात खुर्ची टाकून, खांद्यावर टॉवेल घेऊन बसायचे आणि आतली हकीकत रेडिओवर क्रिकेट ऐकावं तशी ऐकायचे. "निघाला का?" "निघाला." "फाटला?" "नाही फाटला." "वा!" आणि टॉवेलने कपाळ पुसायचे. वीज मंडळात सगळी नोकरी काढली ह्यांनी, पण कशात इतके गुंतलेले मी त्यांना पाहिले नव्हते.

पहिली नळी उघडली तेव्हा मात्र माझी तयारी नव्हती. मला वाटलं होतं उंदरांचा वास येईल, बुरशीचा येईल. आला तो पावडरचा. तुम्हाला सांगायला नको, पण सुरभीला माहीत नसेल म्हणून सांगते. बाबा चांगले नकाशे कागदावर नाही, कापडावर काढायचे. अगदी तलम सुती कापड, त्याला खळ देऊन काचेसारखं कडक आणि आरपार केलेलं. त्यावर शाई धरत नाही, म्हणून आधी पावडर चोळायची. बाबांना त्यासाठी आईच्या तोंडाच्या पावडरचा डबा सापडला होता. आई लग्नाकार्याला बिनपावडरची जायची आणि बाबांच्या इमारती गोऱ्यापान. साठ वर्षांनी त्या नळीतून आईच्या डब्याचा वास आला, आणि काजल विचारत राहिली, "मॅडम, यावर तारीख कुठे असते?" आणि मला ती मॅडम कोण हेच काही वेळ कळेना.

उरलेल्या तुकड्यांवर बाबा मला गिरवायला द्यायचे. नियम एकच: रेघ सुरू केली की संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही. लांब भिंत आली की मी लाल व्हायची, डोळे बाहेर यायचे, आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अवं दादा, मारून टाकशीन पोरीले!" बाबा शांतपणे म्हणायचे, भिंत थरथरली तर आत माणसं झोपतील कशी? त्यांचं सगळं लक्ष सावलीवर. ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते, वारा कुठे अडतो. मुलीचं नावही छायाच ठेवलं. (मुलगा झाला असता तर व्हरांडा ठेवलं असतं असं आई म्हणायची.)

सगळं सुरळीत चाललं असतं, पण जामच्या गुंडाळीत कसर निघाली. काजल म्हणाली की औषध मारायचं नाही, गुंडाळी प्लास्टिकमध्ये हवाबंद करायची आणि पंधरवडाभर गोठवायची, म्हणजे किडे मरतात आणि नकाशाला धक्का लागत नाही. विद्यापीठाच्या मोठ्या फ्रीझरमध्ये दुसऱ्या एका थोर आर्किटेक्टांचं अख्खं ऑफिस आधीच गारठत पडलं होतं, बाबांचा नंबर पुढे लागणार होता. तोपर्यंत कसर थांबणार नव्हती. म्हणून मी आमचा फ्रीज रिकामा केला. आमरसाचे सगळे डबे बाहेर. दोन वेळा रस, संध्याकाळी रस, शेजारी रस, दूधवाल्याला रस. हे म्हणाले, "जावयाचा रस फ्रीजमधून काढून सासऱ्याला ठेवल्याचं मी तरी ऐकलं नाही." शेवटचा डबा संपल्यावर गुंडाळी ठेवायला गेलो तर ती फ्रीजपेक्षा हातभर लांब. (आर्किटेक्टची मुलगी, आणि मोजलं नाही. बाबा हसले असते. नाही, बाबा हसले नसते.)

मग ह्यांना भैयाजी आठवले. जामच्या चौरस्त्यावर त्यांचा ढाबा आहे आणि ढाब्याला लागून कुल्फीचं दुकान, तिथे झोपवलेल्या कपाटासारखा लांबलचक फ्रीझर. ह्यांची नोकरीतली ओळख. आम्ही गुंडाळी रिक्षात आडवी घालून नेली. भैयाजींनी ती बघून आधी हात मागे घेतला. "बंदूक-गिंदूक तं नाई ना साहेब?" मी सांगितलं, नकाशे आहेत, इथल्याच जुन्या बाळंतपणाच्या दवाखान्याचे. त्यांनी मागे घेतलेला हात पुढे करून गुंडाळीवर ठेवला. मग म्हणाले, "मी थ्याच दवाखान्यातला हावो, बाई. माही माय सांगे, थ्या खोलीत पंखा नोहता, पन हवा अशी येये का पोट्टं रडेच नाई." आणि स्वतःच्या हाताने कुल्फीच्या पेट्या बाजूला सारून त्यांनी मधोमध जागा केली. पंधरवडाभर गिऱ्हाइकं विचारत होती म्हणे, भैयाजी, हा कोन्ता नवा फ्लेवर? आणि भैयाजी सांगत होते, "आर्किटेक्ट कुल्फी हाय. धीर धर, जमाले टाइम लागते."

गुंडाळी परत आणायला गेले तेव्हा मी भैयाजींना विचारलं, दवाखाना नेमका कुठे होता? रस्ता रुंद झाला तेव्हा तो पडला हे मला माहीत होतं, पण पडल्यावर मी तिकडे पायी गेले नव्हते. त्यांनी बोट दाखवलं. मधल्या दुभाजकावर कण्हेरी लावल्या आहेत ना, तिथे. एका बाजूने नागपूरकडे ट्रक जात होते, एका बाजूने हैदराबादकडे, आणि मध्ये गुलाबी कण्हेर. तिथे मी जन्मले, आत्याबाई. तुम्हीच तर होतात आईजवळ. वर्ध्यात चांगले दवाखाने असताना बाबांनी आईला जामला नेलं, कारण स्वतः बांधलेल्या इमारतीत ऐन उन्हाळ्यात बाळंतीण कशी राहते हे त्यांना बघायचं होतं. आई त्यावरून त्यांना जन्मभर बोलली. (पण खोली गार होती हे तिने कधी नाकारलं नाही. फक्त रागावली की म्हणायची, "माझ्यावर प्रयोग केला ह्या माणसाने.") आता कोणी जन्मस्थळ विचारलं तर मला महामार्गाच्या मधोमध बोट दाखवावं लागेल, आणि तेही दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून. मी तिथे उभी राहिले होते किती वेळ कोणास ठाऊक. ह्यांनी मागून हळूच विचारलं, कुल्फी खातेस? खाल्ली. केशराची होती.

घरी आल्यावर काजलने एकेक नकाशा उलगडला. एक, दोन, तीन, चार. सहा, सात, आठ. पाच नाही. सगळ्या नळ्या पुन्हा पाहिल्या, कुरड्यांचीसुद्धा. काजल खाली बसली. तिने तेव्हा मला सांगितलं की समितीसमोर काय अडचण आहे. जागा थोडी, नकाशे फार. म्हणून ज्यांच्या निदान एका इमारतीचा पूर्ण संच असेल त्यांच्याच नावाचं कपाट होतं. बाकीच्यांचे कागद 'इतर' लिहिलेल्या खोक्यांत जातात. बाबांच्या दुसऱ्या कामांचे संच उंदरांनी आणि वेळेने अर्धे केले आहेत. पुरा होण्यासारखा हा एकच. आणि पाच नंबर म्हणजे पश्चिमेची भिंत, आतून कापून दाखवलेली: दुहेरी विटा, मधली पोकळी, आणि तिरक्या विटांची ती जाळी, जिच्यातून वारा येई आणि ऊन येत नसे. इमारत नाही, तिचा फोटो नाही, ती रचणारे नत्थू मिस्त्री नाहीत. ती भिंत कशी होती हे सांगणारी एकच गोष्ट म्हणजे तो पाच नंबरचा नकाशा. काजलचे सर म्हणतात की आजच्या उन्हाळ्यात ही भिंत मुलांना शिकवायला पाहिजे. आणि माझ्या डोक्यात तेव्हा एकच शब्द फिरत होता, इतर. माझे बाबा, इतर.

म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही एक क्षणही न थांबता म्हणालात, "पाच नंबरचा? थो काऊन सापडन वं तुले? थो तं तू घातला होता."

मी हसले. तुम्हीही हसलात. मग मी सांगितलं की तो का पाहिजे, आणि तुमचं हसणं थांबलं. "माह्याच हातानं उकळला मी. दादाचं नाव मीनंच उकळत्या पान्याच्या गंजात घातलं," असं म्हणून तुम्ही फोन ठेवला. गोपाल सांगतो तेव्हापासून तुम्ही धड जेवत नाही आणि ट्रंकेजवळ बसून असता.

आत्याबाई, आता नीट ऐका. (सुरभी, इथून सावकाश वाच, आणि मोठ्याने.) नकाशाचं काम संपलं की कापड धुऊन वापरायचं ही आपल्या घराची रीतच होती. गरम पाण्यात टाकलं की खळ निघते, शाई उतरते आणि बाजारात मिळणार नाही असं तलम कापड उरतं. आईच्या बरण्यांच्या तोंडाला बांधायचे दादरे त्याचे, बाबांचे रुमाल त्याचे, तुमच्या शिवणवर्गातला पहिला परकर त्याचा. (इतर घरांत जुन्या धोतरांची दुपटी होतात, आपल्याकडे शाळांची आणि जिनिंग फॅक्टऱ्यांची होत होती.) जामची इमारत पुरी झाली, पांढरी होऊन उभी राहिली, आणि बाबांनी स्वतः तो नकाशा काढून तुमच्या हातात दिला. हे आईने मला कितीदा सांगितलं आहे. तुम्ही विचारलंत, दादा, हा चांगला हाय ना, ठेवत काऊन नाई? आणि बाबा म्हणाले, "इमारत उभी आहे ना मनकर्णे, मग नकाशा कशाला जपायचा? बाळाला कापड लागेल." तो तुम्ही चोरला नाही, चुकून घेतला नाही. त्यांनी दिला. त्यांना वाटलं भिंत राहील. भिंत पडेल आणि कापड राहील, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते आर्किटेक्ट होते, असा हिशेब कसा करतील?

आणि तो पूर्ण गेलाही नाही, हीच तर गंमत. एरवी तुम्ही तीनदा उकळायच्या. मी वेळेआधी आले, म्हणून एकदाच उकळून तुम्ही घाईने झबलं शिवलंत, आणि रेघा पुऱ्या उतरल्याच नाहीत. फिकट निळ्या, पण आहेत. आमच्याकडे तो फोटो आहे, मी आईच्या मांडीवर, आणि माझ्या पोटावर पश्चिमेची भिंत. आपल्या घरात नव्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत, वापरून मऊ झालेलं लावतात, म्हणून ते झबलं पुढे गोपालला गेलं, गोपालकडून सुरभीला, बंद तेवढे बदलत गेले, आणि आता ते तुमच्या ट्रंकेत आहे. माझ्याकडे ते पुन्हा आलं नाही. यायचं कारण पडलं नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण कोणाच्याही बारशाला मी पाळण्यात वाकले की आधी बाळाचं तोंड बघायची आणि मग हळूच, कोणी पाहत नाही असं बघून, जाळीच्या विटा मोजायची. तोच पाच नंबरचा नकाशा, हे मात्र परवा तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हे सगळं काजलला सांगितलं तर ती उडालीच. म्हणाली, मॅडम, म्हणजे पाच नंबर आहे! झबल्याच्या रूपात का असेना, मूळ नकाशा आहे, संच पूर्ण होतो, कपाट होतं! मग तिने मला विद्यापीठात नेऊन ती खोली दाखवली. गार, कोरडी, अंधारी, सपाट रुंद खण, प्रत्येक खणात पांढरी पेटी. तिथे झबलं उलगडून, पसरून ठेवणार, उजेड लागणार नाही, हात लागणार नाही, शंभर वर्षं काही होणार नाही. फार सुंदर व्यवस्था आहे, आत्याबाई. बाबांना तिथली सावली आवडली असती.

तेव्हा माझी विनंती अशी की गोपाल पुढच्या आठवड्यात वर्ध्याला बँकेच्या कामाला येईल तेव्हा त्याच्याबरोबर झबलं पाठवून द्यावं. सुरभीचं बाळ पुढच्या महिन्यात येईल हे माझ्या लक्षात आहे. त्याच्यासाठी मी इथून अगदी मऊ कापडाची सहा झबली शिवून घेते, दोनदा धुऊन पाठवते. तुम्ही धुतलंत तर रिठ्याने धुऊ नका, खरं तर धुऊच नका, असं काजल म्हणते. तुम्ही जेवा, एवढं माझं ऐका. बाबांच्या नावाचं कपाट तुमच्यामुळे होणार आहे, तुमच्यामुळे अडलेलं नाही.

हे तुम्हाला नमस्कार सांगतात. मी पुन्हा एकदा, गुडघ्यांना न कळवता, वाकते.

तुमची
छाया

ता. क. सोमवार, सकाळ. पाकीट चिकटवलं नव्हतं हे बरं झालं. झबलं पाठवू नका. सकाळी मी काजलला फोन करून सहज विचारलं की पेटीत ठेवल्यावर कधी बारशापुरतं, तासाभरासाठी, काढता येईल का. तिला आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एकदा आत आलं की अंगात घालता येत नाही." बरोबरच आहे, तिचा काही दोष नाही. पण तेव्हापासून मला सुचत नाही. बाबांना एकदा विचारून झालेलं आहे, नकाशा की बाळ. त्यांनी उत्तर दिलेलं आहे. मी कोण ते फिरवणारी? ते झबलं सुरभीच्या बाळालाच घाला. वरच्या सहा झबल्यांचं वाक्य खोडलं आहे असं समजा. (झबली शिवायला टाकली आहेत, ती येतीलच.)

ता. क. दुसरा. खरं सांगायचं तर एवढं लांब पत्र ज्यासाठी लिहिलं ते वर कुठे आलंच नाही, सिस्टरांनी अख्ख्या समासात प्रश्नचिन्हं काढली असती. मला एक दुपार पाहिजे. बाळ यायच्या आधीची. मी आर्वीवरून आष्टीला येणाऱ्या बसने येते. तुमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला मोठी काच आहे, तिच्यावर झबलं उजेडात लावू, आणि मी बाबांच्या रेघांवरून रेघा ओढीन. झबलं बेतताना कापला गेलेला भाग सहा नंबरच्या नकाशावरून जुळवता येतो, काजलने मला ते दाखवलं आहे. गिरवण्याचा कागद आणला, पेन्सिली आणल्या, पावडरचा डबाही आणला, उगाच. माझा हात आता थोडा थरथरतो. पण श्वास मला अजून धरता येतो, काल मी भिंतीजवळ उभी राहून धरून पाहिला. तुम्ही फक्त शेजारी बसा, आणि मी लाल झाले की ओरडा. तसं मला ओरडणारं आता कोणी उरलं नाही.

ता. क. तिसरा. टपालात टाकायला निघाले होते तर काजलचा फोन. तिने सरांशी बोलून घेतलं. मुलीने गिरवलेली प्रत पाच नंबर म्हणून चालेल, कपाट बाबांच्या नावाचंच होईल, फक्त तिच्याखाली मूळ प्रत कुठे आहे ते स्पष्ट लिहावं लागेल. तिने मलाच मजकूर विचारला आणि मी उभ्या उभ्या सांगितला. (बाळाला अजून वेळ आहे, पण समितीलाही तेवढा लागतो.) तिने हसत हसत, पेन्सिलनेच, लिहून घेतला. तुम्हाला पसंत नसेल तर कळवा: मूळ प्रत आष्टी येथे, मनकर्णाबाईंच्या मांडीवर. पाहायची असल्यास हात धुऊन यावे, आणि बाळ झोपलं असेल तर ओट्यावर थांबावे.